दोन वैशाख

नेवासे,
रंगपंचमीचा दुसरा दिवस, मार्च १९७२

सौ. छबूबाई बन्सी बगाडे यांस,

पत्र मुक्ताबाईचं आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. फाडण्याआधी पुढचं वाच, कारण हे आईचं पत्र नाही, घरमालकिणीचं आहे. तुझे सासरे गोरक्षनाथ बगाडे माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतात आणि तिथंच शिवणाचं मशीन चालवतात. त्यांची सून म्हणून तुला एक गोष्ट कळवणं भाग आहे. मी घर विकते आहे!

हो, विकते आहे. गेल्या दोन वर्षांत इतकं मजेचं माझ्या हातून काही घडलेलंच नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं. पुंजाराम नावाचा ऊसवाला आहे, मुलींना इथल्या हायस्कुलात घालायचं म्हणून गावात घर शोधतोय. त्याने भिंतींवर हात फिरवला, आडात डोकावून पाहिलं, माळ्यावरसुद्धा चढून आला. खाली उतरून म्हणाला, "घर लई ब्येस हाय, मावशी. पर मला खाली पायजे. शिंप्यासकट न्हाई घ्यायचं."

मग मी सरळ कोर्टासमोरच्या शमुवेल वकिलांकडे गेले. एकटी गेले. तिथल्या बाकावर बसलेले चार पुरुष माझ्याकडे असे बघत होते की जणू मी खून करून आले आहे. वकील मात्र भला माणूस निघाला. पहिला प्रश्न विचारला, "घर कोणाच्या नावावर?" मी म्हटलं, "माझ्या. वडिलांनी बक्षीसपत्र करून दिलंय, त्यात नवऱ्याचा, दिराचा कुणाचाही संबंध नाही." त्यांचा चेहरा असा खुलला, म्हणाले, "बाई, निम्मं काम तुमच्या वडिलांनीच करून ठेवलंय." मला तिथंच रडू येणार होतं, पण आवरलं.

पुढे त्यांनी समजावून सांगितलं. घर विकायचं म्हणून भाडेकरू आपोआप निघत नाही. त्याच्यासकट विकलं तर तो नव्या मालकाचा भाडेकरू होतो, एवढाच फरक. रिकामं हवं असेल तर एक तर त्याने राजीखुशीने जावं, नाहीतर रीतसर नोटीस द्यावी. राजीखुशी हा शब्द ऐकून मला हसूच आलं. तुझं लग्न झाल्यापासून तुझे सासरे आणि मी भाड्याच्या दिवसाखेरीज एकमेकांशी बोललेलो नाही. मी म्हटलं, नोटीसच लिहा.

त्यांनी विचारलं, तारीख कोणती घालू? नोटीस भाड्याच्या महिन्याबरोबर संपावी लागते म्हणे, मधेच संपली तर कोर्ट ती केराच्या टोपलीत टाकतं. मी सांगितलं, आमचा व्यवहार अमावस्येला अमावस्या असा आहे, इंग्रजी तारखेशी आमचं देणंघेणं नाही. ते म्हणाले, "तरी कंसात तारीख घालू का?" मी म्हटलं, काही नको, 'वैशाखअखेर' एवढं लिहा, गावात शेंबड्या पोरालाही कळतं वैशाख कधी संपतो ते.

नोटीस काल पोचली. तुझे सासरे कातरी हातात धरून तसेच उभे राहिले होते, मी खिडकीतून पाहिलं. तरी त्यांना दुसरी जागा बघायला सांग. वैशाख संपताच मला घर रिकामं हवं आहे.

मुक्ताबाई

ता. क. केशर कासारीण राहुरीच्या बाजारात तुला बांगड्या भरून आली. म्हणाली, पोरगी जड झाली आहे. मला काही जाणून घ्यायचं नाही. पण कितवा?


नेवासे,
गुढीपाडवा, १९७२

छबू,

डोकं फुटायची वेळ आली आहे. सणाचं गोड केलं ते तसंच झाकून ठेवलं आहे.

सकाळी देवळात वर्षफळ ऐकायला गेले. गुरुजींनी नवं पंचांग उघडलं, पाऊसपाणी सांगितलं, मग चष्मा वर करून म्हणाले, "आणि यंदा धोंड्याचा महिना आहे बरं का मंडळी. वैशाख अधिक आला आहे." बायका खूश झाल्या, जावयाला काय वाण द्यायचं याची कुजबुज सुरू झाली. मी मात्र दगडासारखी बसले. अगं, अधिक वैशाख आणि त्याच्यामागून निज वैशाख, म्हणजे यंदा वैशाख दोन! माझ्या नोटिशीत वैशाखअखेर, आणि वैशाख दोन!

जुनं पंचांग फाल्गुनात संपतं. त्यात पुढच्या सालाचं काय असणार? नोटीस लिहिताना ना मला सुचलं, ना वकिलांना. त्यांच्या घरी इस्टर न् नाताळ, धोंडा त्यांना कशाला आठवेल?

पुढच्या रांगेत तुझे सासरे बसले होते. त्यांनी मुद्दाम उठून विचारलं, "गुरुजी, म्हंजे वैशाख दोन व्हय?" गुरुजी म्हणाले, दोन. मग ते माझ्याकडे वळून टोपी सारखी करून बसले. घरी आल्यावर मधल्या दाराशी येऊन मोठ्याने म्हणाले, "बाई, नोटिशीत कंचा वैशाख हाय? मी आपला दुसरा धरतो." त्यांची रंगुबाई आत फिदीफिदी हसत होती. तुझी सासू अशी हसते हे तुला माहीत आहे का?

तशीच वकिलांच्या घरी गेले, सणाचा दिवसही बघितला नाही. त्यांनी नोटिशीची नक्कल वाचली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, मी कंसात तारीख घालू का म्हणून विचारलं होतं." मी विचारलं होतं, मी विचारलं होतं! विचारलं असेल. अशील हट्ट करतं, वकिलाने ऐकायचं नसतं. मग शांतपणे म्हणाले, ज्या नोटिशीचे दोन अर्थ निघतात तिचा फायदा भाडेकरूला मिळतो. नवी नोटीस काढता येईल, पण त्यांनी दावा लढवायचं ठरवलं तर वर्षं जातील.

मला वर्षं नकोत. मला दुसरा वैशाखसुद्धा परवडणार नाही. पुंजारामला निरोप धाडला तर तो म्हणतो, "धोंड्यात कुनी घर घेतंय व्हय? दुसऱ्या वैशाखात अक्षय तृतीया हाय, तवा खरेदी करू. पर त्या दिवशी घर खाली पायजे, न्हाईतर माझा विसार परत द्या." म्हणजे गोरक्षनाथ पहिल्या वैशाखातच निघायला हवेत. आणि ते काही निघत नाहीत.

आता तू म्हणशील, आईला एवढी घाई कसली. केशरने सगळं सांगितलं आहे. ज्येष्ठात तू मोकळी होणार.

छबू, आता स्पष्टच लिहिते, झाकून ठेवण्यात मला कधी गती नव्हती. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तू नोंदणी लग्न करून बन्सीबरोबर दारात उभी राहिलीस त्या दिवशी माझं तोंड सुटलं, तुझंही सुटलं आणि जाताना तू म्हणालीस, "या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही." तू माझी मुलगी आहेस. तू शब्द मोडणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. तू सासू-सासऱ्यांनाही भेटायला आली नाहीस, कारण तेही याच घरात राहतात. मग मी विचार केला, पोरगी शब्द मोडत नाही ना, मग मी घरच मोडीत काढते! राहुरीला स्टेशनच्या रस्त्यावर एक घर बघून ठेवलं आहे. ते घेते आणि तिथं तुझं माहेर करते. त्या घरात तू पाऊल ठेवणार नाहीस असं कुठं म्हणाली आहेस?

सुचलं तेव्हा मी एकटीच टाळी वाजवून हसले होते. आणि आता हा दुसरा वैशाख आडवा पडला आहे.

एक ओळ लिही. शिव्या दे, पण लिही.

आई


नेवासे,
चैत्र वद्य पक्ष, एप्रिल १९७२

चि. छबूस,

तुझं उत्तर नाही. नसू दे. तू पत्रं जपून ठेवतेस हे मला कळलं आहे, केशरने सांगितलं की पाकिटं उशीखाली आहेत. फोडलेली आहेत की नाही ते मात्र तिला दिसलं नाही म्हणे.

आपलं नाव पेपरात छापून आलं! शमुवेल वकील म्हणाले, खरेदीआधी जाहीर नोटीस द्यायची असते, म्हणजे उद्या कोणी उठून हक्क सांगायला नको. नगरच्या पेपरात चौकट आली: मौजे नेवासे येथील मुक्ताबाई यांच्या मालकीचे घर खरेदी करण्याचे योजिले असून सदर घरावर कोणाचाही हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास त्यांनी पंधरा दिवसांच्या आत कळवावे. मी ती चौकट कापून दिवाणखान्याच्या आरशात अडकवली आहे. तुला कात्रण सोबत पाठवते. तुझा काही हक्क वाटत असेल तर कळव. भांडायला का होईना, ये.

दुसरी बातमी वाईट आहे. राहुरीचं घर गेलं. मालक म्हणाला, बाई, तुमचे दोन वैशाख होईस्तोवर मी थांबू शकत नाही, आणि कुणा दुकानदाराला देऊन मोकळा झाला. मी एसटीने गेले, त्या घरासमोर उभी राहिले, नव्या माणसाने दाराला रंग लावायला घेतला होता. हिरवा. तिथून विद्यापीठातलं तुझं क्वार्टर चालत जाण्याजोगं आहे, तरी तुझ्याकडे आले नाही. बोलावल्याशिवाय मी कुठं जात नाही, हे तुला माहीत आहे.

परत आले ती वकिलांच्या बाकावरच येऊन बसले. त्यांना मी सगळं सांगून टाकलं, शब्दाचं, ज्येष्ठाचं, सगळंच. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही, हे एक बरं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग विकता कशाला? राहुरीला दोन खोल्या भाड्याने घ्या. घर राहू द्या, बाळंतपण होऊन जाऊ द्या." शहाणा सल्ला होता. स्वतःची फी बुडवून दिलेला सल्ला, म्हणून आणखीच शहाणा. पण मी म्हटलं, "घर राहिलं तर तो शब्दही राहील. बारसं झालं, पुढे दिवाळी येईल, पोर चालायला लागेल, दर वेळी आम्ही कुणाच्या दारात भेटायचं? आणि पुंजारामचा विसार घेतला आहे, मी बोललेलं फिरवत नाही." ते हसले. "मुलगी कुणावर गेली ते कळलं," म्हणाले.

तर असं ठरलं. घर विकायचंच, आणि तूर्त राहुरीला भाड्याने राहायचं. मी, भाड्याने! जन्मात कधी भाडं दिलं नाही, घेतलं. वकिलांची मावसबहीण दीनाबाई राहुरीला असते, निवृत्त नर्स आहे, तिच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. नर्सच्याच घरात बाळंतपण, यापेक्षा तुला काय हवं?

राहिले गोरक्षनाथ. वकील म्हणतात, कोर्टात जाण्यापेक्षा त्यांची लेखी संमती घ्या, मी मसुदा करून देतो, अमुक दिवशी आपखुशीने ताबा सोडतो अशी एकच ओळ आहे. मसुदा माझ्याकडे आला आहे. तो घेऊन मधल्या दारापर्यंत मी रोज जाते आणि परत येते.

आई


नेवासे,
अधिक वैशाख शुद्ध पक्ष, एप्रिल १९७२

माझ्या छबू,

आज जे झालं ते तुला बन्सी सांगेलच, पण तो माझी बाजू नीट सांगणार नाही, म्हणून आधी माझं वाच.

तो काल रात्रीच्या गाडीने आई-बापांना भेटायला आला. एकटाच. सकाळी न्हाणीत गेला तेव्हा त्याचा सदरा दोरीवर वाळत होता. त्याच्या गुंड्या तू लावलेल्या आहेत, तुझा दोरा मी ओळखते, उलट्या गाठीचा. ते बघितलं आणि मला काय झालं कोण जाणे. धोंड्याचा महिना, जावई भिंतीपलीकडे, आणि मी अजून डाळ भिजवली नाही! तशीच उठले, पुरण शिजवलं, कणकेचे धोंडे केले, तुपात सोडले. ताट भरलं. वर रुमाल टाकला. आणि त्याच ताटात कडेला वकिलांचा मसुदा ठेवला. म्हटलं, एकदा जायचंच आहे तर दोन्ही कामं होऊन जातील.

मधलं दार उघडून आत गेले. तिघंही जेवायला बसायच्या बेतात होते. मी ताट बन्सीपुढे ठेवलं. तो बिचारा उठून उभा राहिला, पाया पडू की नको अशा विचारात. तुझ्या सासऱ्यांनी रुमाल बाजूला केला, धोंडे पाहिले, कागद पाहिला.

"ताटात दोन्ही हाय," म्हणाले. "आदी काय घेऊ?"

मी म्हटलं, "धोंडे जावयाचे. कागद तुमचा."

"कसला कागद?"

"घर खाली करायचा. पहिल्याच वैशाखात."

त्यांनी कागद हातात घेतलाच नाही. म्हणाले, "बाई, मी हट्टी मानूस न्हाई. चौकात दुकानामागं दोन खोल्या बघून ठेवल्यात, पाडव्याच्या आदीच. मला कुठंबी मशीन मांडता येतंय. पर तुमी पोष्टानं नोटीस धाडली. मदल्या दारातनं येनारं मानूस, त्ये तालुक्याच्या पोष्टाला फिरवून आनलंत. भाडेकरूला नोटीस लागती. इवायाला नुसतं सांगावं लागतं."

मग रंगुबाई पुढे झाली. मी पाडव्याच्या पत्रात तिच्या हसण्याबद्दल लिहिलं ते खोडून टाक. ती म्हणाली, "तुमी पोरीवरच्या रागानं आमाला काडताय, आसंच वाटलं आमाला. म्हनून ह्ये हटून बसले."

तेव्हा मी सांगितलं. रागाने नाही गं, रंगुबाई, तिने या घरात पाऊल ठेवणार नाही असा शब्द टाकलाय म्हणून घर विकते. ज्येष्ठात ती मोकळी होणार, मला तिचं माहेर दुसरीकडे मांडायचं आहे. सांगता सांगता मी खालीच बसले. रंगुबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग आमाला भेटाया बी ती आजवर ह्या घरात न्हाई आली. आमची बी सून हाय की! वटी भरायची ऱ्हायली तिची." गोरक्षनाथ तिच्यावर ओरडले की आधी पाणी दे त्यांना.

पाणी प्यायले. मग म्हटलं, "व्याही, पहिल्या वैशाखाच्या अमावस्येला घर खाली करून द्या."

"दिलं," म्हणाले. तेवढंच. मी म्हटलं, सही करा. तर म्हणतात, "इवाई झालो की सही कशाला?" बन्सीने हसत हसत कागद त्यांच्यापुढे धरला, म्हणाला, "दादा, कायद्याला नातं कळत न्हाई, करा." मग त्यांनी केली, मशीनचं तेल लागलेल्या बोटांनी.

धोंडे बन्सीने सगळे संपवले. तुझ्यासाठी ठेवूया म्हटलं तर म्हणे, ती ताटातलं खाणार नाही, तिला तुम्ही स्वतःच्या हाताने द्या. हे तू त्याला शिकवून पाठवलं होतंस की तो आपण होऊन बोलला?

आई


राहुरी,
अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस, मे १९७२

छबू, बाळा,

झालं! घर गेलं!

काल सकाळी तालुक्याच्या नोंदणी कचेरीत गेलो. पुंजाराम नवं धोतर नेसून आला होता, त्याच्या तिन्ही मुली वेण्या घालून. शमुवेल वकिलांनी खरेदीखत मला ओळ न् ओळ वाचून दाखवलं. चारी दिशांना कोण आहे, आड कुणाचा, मधलं दार कुठलं, सगळं. या वेळी त्यांनी इंग्रजी तारीख घातली, तिथीही घातली, आणि तिथीपुढे 'निज' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "कंस नको ना?" मी म्हटलं, घाला, दोन घाला.

अधिकाऱ्याने विचारलं, "या बाईंना ओळखणारं कोण आहे? साक्षीदार पाहिजे, त्यांना पुष्कळ वर्षं ओळखणारा." मी इकडेतिकडे बघितलं. माझ्या ओळखीचं गाव भरून आहे, पण त्या खोलीत कोणी नव्हतं. मागून गोरक्षनाथ पुढे आले. त्यांना मी बोलावलंही नव्हतं. अमावस्येलाच मशीन, पेट्या सगळं चौकातल्या खोलीत हलवलं होतं, आणि त्या सकाळी रिकाम्या अंगणात सडा घालून आले होते.

"मी वळखतो," म्हणाले.

कारकुनाने विचारलं, "तुम्ही कोण? भाडेकरू ना?"

"व्हतो. अवसेपातुर."

"मग आता नातं काय लिहू?"

"ईन हाय माझी. विहीण लिहा."

त्याने लिहिलं. सरकारी कागदावर, सरकारी शाईत, खाली शिक्का मारून. तुझ्या लग्नाला मी आले नव्हते, छबू. पण तू म्हणशील तर ते लग्न आता नेवाशाच्या कचेरीत माझ्या अंगठ्याशेजारी नोंदलेलं आहे. अंगठा म्हणजे कायद्याला लागतो म्हणून, सही मी झोकात केली.

किल्ली पुंजारामच्या थोरल्या मुलीच्या हातात दिली. वाटलं होतं रडेन. पण इतकी हुशारी आली होती की टांग्यात बसताना पायरीसुद्धा लागली नाही.

आता मी दीनाबाईच्या खोलीत बसून लिहिते आहे. बाई कडक आहे. भाडं एक तारखेला, अमावस्या-पौर्णिमा तिला चालत नाही. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. नळ सहा वाजता बंद. मी आरसा टांगायला खिळा मागितला तर म्हणाली, "आधी घरमालकाची परवानगी मागायची असते, मुक्ताबाई." गोरक्षनाथांना मी हेच वाक्य किती वेळा ऐकवलं आहे! आज शेजारीण आली तर दीनाबाईने ओळख करून दिली, "ह्या माझ्या भाडेकरू." पहिल्यांदा कानाची पाळी तापली. मग मलाच हसू फुटलं. त्या दोघी घाबरल्या.

खोली चांगली आहे. पूर्वेकडे खिडकी. खाट भिंतीला लावली आहे, बाळासाठी पाळण्याची दोरी अडकवायला दीनाबाईने आपण होऊन आढ्याला कडी बसवून दिली. त्याला परवानगी लागली नाही.

आता तू आणि मी एका गावात आहोत. एकाच गावात सासर न् माहेर असलं तरी माहेर ते माहेर. तू ज्या घरात पाऊल ठेवणार नव्हतीस ते घर आता आपलं नाही, पुंजारामचं आहे. तुझा शब्द जसाच्या तसा शाबूत आहे, मी त्याला हात लावलेला नाही. मग आता काय अडचण आहे?

पत्र बन्सीच्या हातीच देते आहे. मी दार लोटलेलं ठेवते, कडी घालत नाही.

तुझी आई


विद्यापीठ क्वार्टर्स, राहुरी,
मे १९७२

आई,

तुझी सगळी पत्रं फोडली आहेत. प्रत्येक पत्र आलं त्याच दिवशी. केशरला पाकिटं उलटी ठेवून दाखवली होती, म्हणजे तुला कळू नये.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. धीर धरून वाच. त्या दिवशी दारात मी "या घरात" म्हणाले नव्हते. "तुझ्या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही," असं म्हणाले होते. "तुझ्या." ह्यांनाही विचारलं, त्यांनाही तसंच आठवतंय. तू चुकीच्या शब्दासाठी घर विकलंस, आई.

पाडव्याचं पत्र वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. तेव्हाच कळवायला हवं होतं. पण तू स्टेशन रस्त्यावर घर घेणार होतीस, ते तुझंच झालं असतं, मग तिथंही मला येता आलं नसतं. आणि तुला ते लिहायला माझा हात उचलेना. तू घर घालवून बसलीस, तुझ्यासारखी बाई दुसऱ्याच्या भिंतीला खिळा मागते, हे वाचून मी दिवसभर रडले. ह्यांना वाटलं कळा सुरू झाल्या.

रात्री पुन्हा वाचलं. मग उठून बसले.

आई, तू आता भाडेकरू आहेस. आणि भाडेकरूच्या खोल्या भाडेकरूच्या नसतात, हे तर तू माझ्या सासऱ्यांना आयुष्यभर ऐकवलंस, मी लहानपणापासून ऐकत आले. दीनाबाईंचं घर दीनाबाईंचं आहे. ते तुझं घर नाहीच!

शब्द मीही मोडत नाही. उद्या सकाळी येते. नळ सहाला बंद होतो ना, त्याआधी माझ्यासाठी दोन हंडे भरून ठेव. धोंडे तूच भरव.

तुझी,
छबू

ता. क. घर मात्र आता कधी विकत घेऊ नकोस.